नवीन जिमसाठी साउंड सिस्टीम: दोन मोठे टॉप घेऊ की छोटे छोटे जास्त स्पीकर? (पाथर्डी फाटा, नाशिक)

पाथर्डीफाटा_फिटनेस

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर जिमसाठी हॉल घेतलाय. साठ बाय चाळीस, म्हणजे 2400 स्क्वेअर फूट, स्लॅबपर्यंत उंची 11 फूट. फॉल सीलिंग करत नाहीये, स्लॅबला काळा रंग मारून डक्ट-पाईप उघडेच ठेवणार. रोडच्या बाजूला सगळी काच, समोरच्या भिंतीला पूर्ण आरसे, खाली रबर मॅट. एका कोपऱ्यात झुंबासाठी वीस बाय वीसचं काचेचं पार्टिशन. दसऱ्याला ओपनिंग करायचंय, मशीन ठरल्या, लाईट ठरले, साउंडवर गाडी अडलीय.

ओळखीच्या एका दादाने कोटेशन दिलंय, 15 इंची दोन टॉप (स्टेजवर असतात ते मोठे स्पीकर बॉक्स), 18 इंची एक बेस (फक्त जाड आवाजाचा बॉक्स), अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर धरून 1 लाख 85 हजार. माणूस चांगलाय, गणपतीची, लग्नाची कामं करतो, पण माझं बजेट दीड लाखाच्या आत आहे आणि दुसरं म्हणजे खाली पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, वर तिसऱ्यापासून फ्लॅट आहेत. सकाळची पहिली बॅच साडेपाचची. एम.जी. रोडला दोन-तीन दुकानं फिरलो, प्रत्येक जण वॉटच सांगतो, कोणी 1000 म्हणतं कोणी 2000, हॉल किती मोठा आहे हे एकानेही विचारलं नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा काय करू.

स्पीकरलाईन_नाशिकरोड

दादा, आधी ते कोटेशन बाजूला ठेवा. मी पंधरा वर्षं हॉटेल, शाळा, जिमच्या वायरिंगची कामं करतोय, नाशिक रोड, सिडको, सातपूर सगळीकडे, आणि जिममध्ये सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जाताना बघितलाय. 15 इंची टॉप हे मैदानात, समोर उभ्या गर्दीसाठी असतात. तुमचा हॉल साठ फूट लांब, एका टोकाला टॉप लावले तर बॉक्सपासून दोन मीटरवर ट्रेडमिलवाला आणि सोळा मीटरवर स्क्वॉटवाला. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा, म्हणजे तीनदा दुप्पट, 18 डेसिबलचा फरक. बंद हॉलमध्ये आवाज आदळून परत येतो त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण जे आदळून येतं ते गाणं नसतं, गोंगाट असतो. मागच्याला ऐकू यावं म्हणून तुम्ही व्हॉल्यूम वाढवणार आणि पुढच्याचे कान फुटणार.

माझं म्हणणं, 5 ते 6 इंची टू-वे (जाड आणि बारीक आवाजाला वेगळे पडदे असलेले) वॉल माउंट स्पीकर आठ घ्या. चार-चार दोन्ही लांब बाजूंना, नऊ फुटांवर, थोडे खाली झुकवून. काचेच्या बाजूला पिलरवर लावा. हॉलच्या मधोमध उभा असलेलाही कुठल्या ना कुठल्या स्पीकरच्या सात मीटरच्या आत येतो. आता हिशोब बघा, साध्या चांगल्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 90 डेसिबल धरा, म्हणजे 1 वॉट दिला की 1 मीटरवर तेवढा आवाज. सात मीटरवर साधारण 17 कमी, राहिले 73. 30 वॉट दिले की साधारण 15 वाढले, 88. तीस वॉट! जिममध्ये याच्यावर आवाज लागत नाही. म्हणून दुकानदार 2000 वॉट बोलला की तिथून निघा.

सीलिंग स्पीकरचा विचार मनात असेल तर 11 फूट उंचीला एक स्पीकर कानाच्या पातळीवर साधारण अकरा-बारा फुटांचंच गोल कव्हर करतो, तुम्हाला पंधराच्या वर लागतील. वॉल माउंटच स्वस्त पडतं.

आणि 100 व्होल्ट लाईनचेच घ्या. आहुजाची आहे ना, शाळेत असते ती पद्धत, तीच; अ‍ॅम्प्लिफायर जास्त व्होल्टेजवर आवाज पाठवतो आणि प्रत्येक स्पीकरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर तो उतरवून घेतो. जेबीएल, यामाहा, बोस सगळ्यांचे म्युझिकसाठीचे चांगले स्पीकर ट्रान्सफॉर्मरसकट मिळतात. भोंगा आणि बोलण्यासाठीचा कॉलम मात्र गाण्याला घेऊ नका. 30 वॉटच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरवर किती वॉट घ्यायचे ते निवडायची जागा) एक स्पीकर 100 व्होल्टला फक्त 0.3 अ‍ॅम्पियर ओढतो, तोच 8 ओहमला जवळपास 2 अ‍ॅम्पियर. लांब वायरीत पॉवर जळत नाही, दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर बास होते आणि एकाच जोडीवर आठही स्पीकर ओळीने लावता येतात. आठ गुणिले तीस 240 वॉट, त्यावर वीस टक्के मोकळे ठेवा, म्हणजे 300 च्या पुढचा अ‍ॅम्प्लिफायर. झुंबाच्या खोलीला वेगळा झोन आणि भिंतीवर वेगळा व्हॉल्यूमचा नॉब. आणखी एक, अ‍ॅम्प्लिफायरला 70 हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा जाड आवाज अडवणारा फिल्टर) लावून घ्या, अगदी खालचा बेस लाईनमध्ये शिरला की स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर भरून जातो आणि आवाज फाटतो.

पंचवटी_आयर्न

वरच्या दादांचं बरोबर आहे, मी उलटं करून भोगलंय म्हणून लिहितो. पहिल्या वर्षी घरचा फाईव्ह पॉइंट वन होम थिएटर जिममध्ये नेला. चार महिन्यांत दोन ट्विटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) जळाले. रोज चौदा तास, व्हॉल्यूम शेवटच्या काट्यावर, अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीबाहेर जाऊन आवाज क्लिप होतोय, म्हणजे फाटतोय, हे मला कळायचंच नाही, मला वाटायचं गाणंच तसं आहे. मग एकाने 8 ओहमचे चार स्पीकर एकाच चॅनेलला पॅरलल जोडून दिले. आठाला चारने भागा, 2 ओहम. इतक्या कमी ओहमला अ‍ॅम्प्लिफायरवर लोड जास्त येतो, दर अर्ध्या तासाला तो प्रोटेक्शनला जाऊन आपोआप बंद व्हायचा, मे महिन्यात तर हातच लावता येत नव्हता त्याच्या झाकणाला. संध्याकाळच्या भरलेल्या बॅचला गाणं बंद पडलं की सगळी पोरं माझ्याकडे बघायची, फार वाईट वाटायचं हो.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. ट्रेडमिल चालू केली की स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येतो. साउंडची लाईन मशीनपासून वेगळी, डीबीमधून (मेन स्विचच्या बोर्डातून) स्वतंत्र एमसीबी (ट्रिप होणारा स्विच) टाकून घ्या, आत्ता इलेक्ट्रिकचं काम चालू असेल तर आत्ताच. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर घरघर येत असेल तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, ती घरघर अडवणारी छोटी डबी असते. आणि अ‍ॅम्प्लिफायर लॉकरच्या कपाटात कोंडू नका, मागे-वर हवा खेळली पाहिजे.

इंदिरानगर_सोसायटी

मी जिमवाली नाही, जिमच्या वर राहणारी आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये खाली जिम आहे आणि दोन वर्षं आम्ही भांडलो, म्हणून भाऊ तुम्हाला आधीच सांगते. गाणं आम्हाला ऐकू येतच नव्हतं. येत होता तो फक्त धप धप. नाशिक ढोल आठवा, मिरवणूक दोन गल्ल्या लांब असते तेव्हा ताशा ऐकू येत नाही, झांजा तर नाहीच, पण ढोलाचा ठोका छातीत येतो. बेस तसाच स्लॅबमधून वर चढतो. सासूबाईंच्या पलंगाला हात लावला तर पहाटे ठोका हाताला लागायचा. खिडकी बंद करून त्याचा काही उपयोग होत नाही.

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, कमर्शियलला 65 आणि 55. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. तुमची साडेपाचची बॅच नियमाने रात्रीत येते! खाजगी जागेतल्या सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त असता कामा नये. आमच्याकडे शेवटी तोडगा निघाला तो असा, सहापर्यंत बेसचा बॉक्स बंद, गाणं हळू, आणि बॉक्स जमिनीवरून उचलून जाड रबरावर ठेवला. आता त्यांचा मालक दिवाळीला फराळ घेऊन येतो. तुम्ही ओपनिंगच्या आधी वरच्या-खालच्या लोकांना एकदा बोलवा आणि त्यांच्यासमोर वाजवून बघा, नंतर भांडण मिटवण्यापेक्षा ते खूप सोपं आहे.

झुंबा_ताई_सातपूर

ट्रेनरच्या बाजूने थोडं. मेंबर एक तास येतो आणि जातो, आम्ही आठ-आठ तास त्या आवाजात उभ्या असतो. 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, 88 ला चार तास, 91 ला दोन तास. मी आधी जिथे शिकवायचे तिथे घरी गेल्यावर रात्री कानात शिट्टी वाजायची, मुलगा काय बोलतोय ते दोनदा विचारायला लागायचं. मोबाईलवर साउंड मीटरचं अ‍ॅप टाका, अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो.

झुंबाच्या खोलीत हेडसेट माईक द्याच. माईक नसला की ताई ओरडते, ताई ओरडते म्हणून गाणं वाढवतात, गाणं वाढलं म्हणून ताई अजून ओरडते. दोन महिन्यांत घसा बसतो. स्पीकर मात्र आमच्या पुढे, बॅचकडे तोंड करून लावा, पाठीमागे लावले तर माईक शिट्टी मारतो. आणि घामाने माईकची वायर खराब होते, एक जास्तीची ठेवा.

पाथर्डीफाटा_फिटनेस

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर दुकानात कोणी बोललं नाही. काल रिकाम्या हॉलमध्ये जाऊन टाळी वाजवली. एका टाळीच्या मागे आरसा आणि काच यांच्यामध्ये टर्रर्र असा आवाज किती वेळ फिरत राहिला, मी घाबरलोच. हे स्पीकर बदलून जाईल का? की अंड्याच्या ट्रेसारखा फोम लावू? मित्राच्या कारमधला सब (बेसचा बॉक्स) पण हॉलमध्ये आणून वाजवून बघितला, दवाखान्याच्या खुर्चीजवळचा स्टीलचा ट्रे थरथरत होता, डॉक्टरांनी स्वतः दाखवला.

स्पीकरलाईन_नाशिकरोड

स्पीकरने नाही जाणार ते. समोरासमोर दोन कडक सपाट पृष्ठभाग आहेत, आवाज त्यांच्यामध्ये टोलवाटोलवी करतो. पातळ फोमवर पैसे घालू नका, तो फक्त वरचा किनरा आवाज खातो. तुमचा स्लॅब उघडा आहे ना, तिथेच दोन बीमच्या मध्ये 50 एमएमचे रॉकवूल (दगडी लोकर) किंवा पॉलिस्टरचे आवाज शोषणारे पॅनल काळ्या कापडात लावा, दिसणारही नाहीत. काचेला जाड पडदा, निम्मी काच झाकली तरी चालेल. दोन स्पीकर कमी घेतले तरी चालतील पण पॅनलचे पैसे कापू नका, हे मी माझा माल कमी विकला जाईल हे माहीत असून सांगतोय.

डॉक्टरांचा ट्रे हलला म्हणजे उत्तर मिळालंच, 18 इंची विसरा. बेस हवाच असेल तर एक 10 इंची, तोही दवाखान्याच्या डोक्यावर नाही, जिन्याच्या बाजूला, रबरावर, वेगळ्या स्विचवर. आणि गाणी कुठून वाजवणार ते ठरवा. स्पॉटिफाय, यूट्यूबचं घरचं सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापरापुरतं असतं, जिममध्ये वाजवायला चालत नाही. रेकॉर्डिंगचं लायसन्स देणारी पीपीएल आणि गीत-संगीताचं देणारी आयपीआरएस, या दोन्ही संस्थांकडे एरिया सांगून लायसन्सचा दर लेखी विचारून घ्या, ओपनिंगच्या आधी. फोन ब्लूटूथवर ठेवू नका, कोणाचा तरी कॉल आला की सगळ्या जिमला रिंगटोन ऐकू येते, जुना टॅब वायरने जोडून काउंटरला ठेवा.

पाथर्डीफाटा_फिटनेस

ठरलं मग, आठ स्पीकर, पॅनल, वेगळा एमसीबी, हेडसेट. साडेपाचच्या बॅचला सहापर्यंत बेस बंद, हे वरच्या काकांना आजच सांगून आलो. दादा, स्पीकर घ्यायच्या आधी वाजवून टेस्ट करायचीय, पण रविवारी ठेवली तर दवाखाना बंद असतो आणि टेस्टला डॉक्टर हवेत, मग कधी ठेवू?

स्पीकरलाईन_नाशिकरोड

मग शनिवारी दुपारी ठेवा, पेशंट कमी असतात तेव्हा. दोन स्पीकर आणि लांब वायर घेऊन येतो, पिलरला दोरीने बांधून वाजवू, तुम्ही खाली त्या ट्रेजवळ उभे राहा.