अनुभव धागा : तापी-गिरणेचा तळ, हतनूरपासून डुमसपर्यंत

धरणात पाणी किती, हे आपण रोज विचारतो. इथे तळाबद्दल लिहा. वाळू, गाळ, खाडीचा चिखल आणि त्यातले जीव. स्वतः पाहिलेलंच लिहा.

हतनूरकाठ
तापी आणि पूर्णा दोघी काळी माती आणतात, ती १९८२ पासून धरणात बसतेय. पाणी उतरलं की चांगदेवकडे गाळपट्टे उघडे पडतात. हिवाळ्यात चक्रवाक, शेकाट्या, तुतवार यांची तिथे गर्दी. शेकाट्या, तुतवार ओल्या गाळात चोच खुपसून अळ्या काढतात. पण गाळपेरीची (पाणी उतरल्यावर उघड्या गाळात केलेल्या पिकाची) फवारणी थेट पाण्याच्या कडेला होते, हे बघवत नाही. गाळपेर बंद करा असं म्हणणार नाही, त्यावर घरं चालतात. फवारा काठापासून लांब ठेवा, एवढंच.

भडगाव
गिरणेत उन्हाळ्यात झिरा (वाळूतला खड्डा) उकरून पाणी प्यायचो. वाळू उपशाचे डंपर लागले, आता खाली मुरूम दिसतो. काठच्या विहिरी खोल गेल्या. टिटवी, नदी सुरय उघड्या वाळूवरच अंडी घालतात. वाळूच नाही तर घालणार कुठे? आजी म्हणते, "नदीमा आते रेतीच ऱ्हायनी नही."

सारंगखेडा
बॅरेजचं पाणी तुंबलं, डांगरवाड्या (पात्रातल्या वेलफळांच्या वाड्या) बुडाल्या. शिंपलेही दिसत नाहीत.

सुरत, मूळ शिरपूर
लूमला सुट्टी असली की डुमसच्या किनाऱ्यावर जातो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे इकडेही ओहोटीला समुद्र लांबवर हटतो. चिखल वरून तपकिरी, बोट खुपसलं की आत काळा आणि कुजक्या अंड्यांचा वास. तो वास सगळा घाणीचा नसतो. आत प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी पाण्यातलं सल्फेट (गंधकाचा क्षार) वापरतात, त्यातून हा वास सुटतो. खेकडे आणि किडे बिळं करतात तेव्हा हवा आत शिरते. म्हणून बिळं दिसली की मला बरं वाटतं. इथले लोक ज्याला लेवटा म्हणतात तो मासा परांवर सरकत, उड्या मारत चिखलावर फिरतो. सांडपाण्याच्या एका नाल्याजवळ मात्र ना बिळं, ना लेवटा. वरून येणारा गाळही १९७२ पासून बराचसा उकाई धरणात अडतो, म्हणजे खाडीला आपल्याकडून माती कमी आणि शहराकडून मैला जास्त.

भुसावळ
शिरपूरकर दादा, भाऊ सुरतेत उधन्याला असतो. हे बघायला कधी येऊ?

सुरत, मूळ शिरपूर
अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत लांब जातं, तेव्हा या. एकटे चिखलात उतरू नका, भरती भराभर चढते.