मदत हवी आहे: सोन्याचे नॅनोकण यकृत-प्लीहा सोडून फुप्फुसात का?

वाशी_बेंच:
विस्टार रॅट, शेपटीच्या शिरेतून एकच डोस, किलोमागे १ मिग्रॅ सोनं. कण २० नॅनोमीटरचे, सायट्रेटचा थर असलेले. इथिक्स कमिटीची मंजुरी आहे. कण वाशीला बनतात, रॅट ठाण्याच्या अ‍ॅनिमल हाउसला. म्हणून आदल्या संध्याकाळीच सलाइनमध्ये डायल्यूट करतो आणि सकाळच्या लोकलने नेतो. २४ तासांनी फुप्फुसात सोनं प्लीहेपेक्षा जास्त निघालं, सहापैकी चार रॅटचे प्लेटलेट निम्म्यावर आले, आणि ट्यूबमध्ये केलेला हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) १२ टक्के. गाइड म्हणतात, 'रक्ताला विषारी' लिहून मोकळे व्हा. लिहू का?

प्लीहापुराण:
इतक्यात नको. सिरिंजमधला रंग माणकासारखा लाल होता की जांभळट?

वाशी_बेंच:
जांभळट.

प्लीहापुराण:
मग गडबड तिथेच आहे. सायट्रेटचे कण सुटे राहतात ते पृष्ठभागावरच्या ऋण भारामुळे. ०.९ टक्के सलाइनमधलं मीठ तो भार झाकतं आणि काही मिनिटांत कणांचे गठ्ठे होतात. तुम्ही तर रात्रभर ठेवलंत! स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) घेतलात तर ५२० नॅनोमीटरजवळचं टोक बसलेलं आणि ६०० च्या पुढे फुगवटा दिसेल.

शेपटीच्या शिरेतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूने आधी फुप्फुसात जातं. तिथल्या केशवाहिन्यांत गठ्ठे अडकतात. सुटे कण पार होतात आणि मग यकृतातल्या कुप्फर पेशी (परके कण गिळणाऱ्या) व प्लीहा त्यांना टिपतात. लघवीवाटे जायला आकार साधारण ५.५ नॅनोमीटरच्या खाली लागतो, त्यामुळे मूत्रपिंडात फार शोधू नका.

सलाइनऐवजी ५ टक्के डेक्स्ट्रोज घ्या आणि मिसळायचं इंजेक्शनच्या आधी, ठाण्यातच. त्याहून चांगलं म्हणजे कणांवर थायॉलवाला पेग (सोन्याला चिकटून गठ्ठे होऊ न देणारा पॉलिमर) चढवा, सेंट्रिफ्यूज करून सुटा पेग दोनदा धुऊन काढा. मग रॅटच्या प्लाझ्मात ३७ अंशांवर तासभर ठेवून पुन्हा स्पेक्ट्रम, गठ्ठे होतात का ते बघायला. नेताना व्हायल आइस पॅकला टेकू देऊ नका, गोठली की बॅच गेली.

लालपेशी:
हिमोलिसिसबद्दल. ५४० नॅनोमीटरला वाचलात ना? त्या लांबीवर सोनं स्वतःच प्रकाश शोषतं, आणि २० नॅनोमीटरचे कण ३,००० आरपीएमला खाली बसत नाहीत, वरच्या द्रवातच राहतात. रक्ताशिवाय तेवढेच कण घेतलेली ट्यूब लावा आणि ते रीडिंग वजा करा. ड्रॅबकिन (हिमोग्लोबिन मोजायचं द्रावण) वापरत असाल तर आणखी सांभाळा: त्यात सायनाइड असतं, हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने ते सोनं विरघळवतं (खाणीत हेच करतात), म्हणून कंट्रोल आणि नमुना एकाच वेळी वाचायचे. १०० टक्क्यांसाठी, म्हणजे सगळ्या लाल पेशी फोडायला, १ टक्का ट्रायटन (डिटर्जंट). एवढं करूनही आकडा ५ च्या वर राहिला तर एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषाने हिमोलिटिक, २ ते ५ म्हणजे किंचित.

प्लेटलेटसाठी काउंटरवर विसंबू नका. रक्त हळूहळू ठिबकत आलं, जांभळ्या टोपीची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब ८-१० वेळा उलटीपालटी झाली नाही, की प्लेटलेट ट्यूबमध्येच चिकटतात आणि यंत्र कमी मोजतं. लिशमन स्मिअर (काचेवर पसरून रंगवलेला रक्ताचा थर) काढा, पिसासारख्या कडेला घोळके आहेत का बघा. घोळके नसतील तर घट खरी.

घणसोलीकर:
खरी असली तरी लगेच सोन्यावर ढकलू नका. एंडोटॉक्सिननेही (जिवाणूंच्या आवरणातलं विष) प्लेटलेट उतरतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने जिवाणू जातात, एंडोटॉक्सिन जात नाही. काचेची भांडी २५० अंशांवर ३० मिनिटं भाजा. क्रोमोजेनिक एलएएल (एंडोटॉक्सिन रंगावरून मोजायची चाचणी) ४०५ नॅनोमीटरला वाचतात, तिथे रंगाचा अडथळा येतो, म्हणून जेल-क्लॉट (रंगाऐवजी गुठळी होते का बघायची चाचणी) करा आणि ज्ञात एंडोटॉक्सिन घातलेली एक ट्यूब सोबत ठेवा.

अवयव काढण्याआधी सलाइनने परफ्यूजन (वाहिन्यांतलं रक्त धुऊन काढणं) केलंत का? नाहीतर फुप्फुसातल्या रक्तातलं सोनंही मोजलं जातं. आणि सोनं नुसत्या नायट्रिकमध्ये विरघळत नाही, अ‍ॅक्वा रेजिया (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) लागतं.

वाशी_बेंच:
परफ्यूजन केलं होतं, डायजेशन (अवयव आम्लात विरघळवणं) अ‍ॅक्वा रेजियातच. स्मिअर नव्हते काढले. पण त्या सहा रॅटचं आता काय?

प्लीहापुराण:
टाकू नका. 'सलाइनमध्ये गठ्ठे झालेले कण' असा वेगळा गट दाखवा, कारण त्या प्राण्यांना प्रत्यक्षात तेच टोचलं गेलं. उरलेल्या व्हायलचा स्पेक्ट्रम आजच घ्या, तोच पुरावा. नव्या गटासोबत दोन कंट्रोल हवेत: नुसतं डेक्स्ट्रोज, आणि कण काढून घेतलेला वरचा द्रव डेक्स्ट्रोजमध्ये. कमिटीला दुरुस्तीचा अर्ज आधी द्या, वाहक द्रव बदलतोय आणि प्राण्यांची संख्याही वाढणार.