मदत हवी आहे: पीएचपीत ऑर्डरची ओळ तोडून असोसिएटिव्ह अ‍ॅरे करताना रंग गळतोय

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी ऑर्डर नोंदवायचा प्रोग्राम लिहितोय, पीएचपी ८ मध्ये. व्यापाऱ्याची ऑर्डर अशी एका ओळीत येते:

माल:टॉवेल;माप:३०×६०;रंग:लाल;रंग:हिरवा;गाडी वेळ:१७:३०;

यातून असोसिएटिव्ह अ‍ॅरे, म्हणजे नाव-माहितीच्या जोड्यांची यादी, करायचीय: कोलनच्या आधीचं ते ‘की’ (नाव), नंतरचं ते व्हॅल्यू (माहिती). आधी सेमीकोलनवर एक्स्प्लोड (तुकडे करणारं फंक्शन) केलं, मग फॉरीचमध्ये (एकेक तुकडा घेणाऱ्या लूपमध्ये) प्रत्येक तुकडा कोलनवर तोडला. आता गाडीची वेळ नुसती १७ येते. शेवटी ‘अनडिफाइन्ड अ‍ॅरे की १’ अशी वॉर्निंग येते. आणि रंगात फक्त हिरवा उरतो, लाल गायब! काल लाल टॉवेल चिठ्ठीवर आलेच नाहीत. मागावरच्या काकांनी फोन करून विचारलं म्हणून निभावलं, नाहीतर सगळा माल हिरवाच विणला गेला असता.

चिन्हं बदलून (सेमीकोलनचं &, कोलनचं =) पार्स-स्ट्रिंग फंक्शनही करून पाहिलं. वेळ १७=३० झाली, ‘गाडी वेळ’ मधल्या स्पेसच्या जागी अंडरस्कोर आला, आणि लाल तसाच गायब. कृपया वाट दाखवा, उद्या सकाळी पुढची ऑर्डर आहे.

प्रतिसाद १:
दादा, पार्स-स्ट्रिंग सोडा, ते वेबपत्त्यातल्या मजकुरासाठी आहे. तुमची पहिली वाटच बरोबर होती. कोलनवर तोडताना एक्स्प्लोडला तिसरी व्हॅल्यू, म्हणजे लिमिट (जास्तीत जास्त किती तुकडे), २ द्या. मग तो पहिल्याच कोलनवर तुटेल आणि १७:३० अख्खं राहील. वॉर्निंग शेवटच्या सेमीकोलनमुळे येते. त्याच्यापुढे रिकामा तुकडा तयार होतो. ट्रिम करून (कडेच्या स्पेस काढून) तुकडा रिकामा निघाला तर कंटिन्यू करा, म्हणजे तो सोडून पुढे जा.

रंगाचं म्हणाल तर अ‍ॅरेत एक की एकदाच राहते, दुसऱ्यांदा लिहिलं की आधीचं पुसलं जातं. म्हणून थेट न लिहिता त्या कीपुढे रिकामा चौकटी कंस [] लावून व्हॅल्यू आत ढकला. रंग एकच असला तरी यादीच ठेवा. कधी स्ट्रिंग (नुसता मजकूर), कधी अ‍ॅरे असं केलंत तर छपाईच्या फॉरीचमध्ये पुन्हा अडकाल.

धागाकर्ता:
खूप आभार! लाल, हिरवा दोन्ही छापून आले, वेळही पूर्ण. एका व्यापाऱ्याचा रंग मात्र अजून वेगळ्या कीखाली जातोय. ‘रंग’ नंतर स्पेस दिसते, पण ट्रिमने जात नाही.

प्रतिसाद १:
ती नॉन-ब्रेकिंग स्पेस (साध्या स्पेससारखं दिसणारं पण वेगळं चिन्ह) असणार, कुठून तरी कॉपी होऊन आलेली. साधं ट्रिम तिला हात लावत नाही. तोडण्याआधी अख्ख्या ओळीत स्ट्रिंग-रिप्लेसने तिची साधी स्पेस करा, मग ट्रिम.