माउसवर बटणं सेट केली म्हणजे चीटिंग कसं?

उजवा_अंगठा
काल एका गेमिंग ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं: "ज्यांना कीबोर्ड जमत नाही तेच माउसवर बटणं सेट करत बसतात. खऱ्या खेळाडूला दोन बटणं आणि चाक पुरतं. बाकी सगळं मॅक्रो, आणि मॅक्रो म्हणजे चीटिंग." खाली लाइकचा ढीग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा धागा.

रीमॅप आणि मॅक्रो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. रीमॅप म्हणजे एका बटणाला दुसऱ्या कीचं काम देणं, मॅक्रो म्हणजे एका दाबात आधी रेकॉर्ड केलेल्या अनेक क्रिया सोडणं. विंडोज माउसची पाचच बटणं ओळखतं: डावं, उजवं, चाकाचं आणि अंगठ्याजवळची दोन, जी ब्राउझरमध्ये मागे-पुढे नेतात. त्याहून जास्त बटणं असलेला माउस संगणकाला आपण कीबोर्डही आहोत असं सांगतो. मी अंगठ्याखालचं सातवं बटण दाबलं की गेमला एवढंच कळतं की ७ दाबला गेला. एक दाब, एक क्रिया. यात चीटिंग कुठून आलं?

ज्या गेममध्ये वीस-पंचवीस स्पेल (जादूचे वार) हाताशी लागतात तिथे डावा हात चालण्याच्या डब्ल्यू-ए-एस-डी या कीवर अडकलेला असतो. १ ते ५ कसेबसे गाठता येतात. ७-८ साठी चालणं सोडावं लागतं आणि बॉस नेमका तेव्हाच पायाखाली आग लावतो. २००९ साली रेझर कंपनीचा नागा माउस आला तो याच अडचणीवर, अंगठ्याखाली १२ बटणं घेऊन. मी तसा माउस घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी बाराही बटणं लावून टाकली आणि आठवडाभर चुकीचे स्पेल मारत राहिलो. मग सगळं काढलं. मधल्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावला, म्हणजे अंगठ्याला न बघता जागा कळते, आणि दर दोन दिवसांनी एकेक बटण वाढवलं. महिन्याभराने हात बसला. ही मेहनत आहे. तिला कुणी चीटिंग म्हटलं की राग येतो.

दोनच_बटणं
ती पोस्ट माझी होती. इथेही तेच म्हणतो.

तुमचा अंगठा मोकळा असतो हा पहिला गैरसमज. अंगठा आणि करंगळी मिळून माउस धरतात. अंगठ्याने आडवा दाब दिला की माउस सरकतो, आणि नेमबाजीच्या गेममध्ये तेवढ्यात क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, डोक्यावरून खांद्यावर येतो. मी हे स्वतः भोगलंय. ग्रेनेड बाजूच्या बटणावर ठेवला होता. निर्णायक राउंडला तो दाबताना नेम हलला, ग्रेनेड खांबाला लागून माझ्याच टीममध्ये परत आला. त्या दिवसापासून बाजूची बटणं बंद.

दुसरं, रीमॅप आणि मॅक्रो वेगळे हे कागदावर. सॉफ्टवेअरमध्ये ते एकाच खिडकीत, शेजारी-शेजारी असतात. आज बटण बदलणारा उद्या "रेकॉर्ड" दाबतोच. वाल्व कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या गेममध्ये काय केलं ते विसरलात? दोन विरुद्ध दिशांच्या की आपोआप सांभाळणारी हार्डवेअरची सोय वापरली तर अधिकृत सर्व्हरवर सामन्यातून बाहेर. एका बाइंडमध्ये, म्हणजे एका कीला जोडलेल्या आज्ञेत, उडी आणि ग्रेनेड एकत्र टाकणंही बंद. ते काय उगाच केलं?

रात्रीचा_हीलर
@दोनच_बटणं, तुम्ही सगळं नेमबाजीच्या चष्म्यातून बघताय. हीलरला, म्हणजे टीममधल्यांना बरं करत राहणाऱ्याला, क्रॉसहेअर नसतो. माझा कर्सर टीमच्या नावांवर फिरतो, ज्याच्या नावावर असेन त्याला अंगठ्याने हील. माउस दोन मिलिमीटर सरकला तरी नाव तेच राहतं.

आणि वाल्वचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. त्यांनी बटणं बंद केली नाहीत, एका दाबात दोन हालचाली होणं बंद केलं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येही २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बंदी आली ती एकच दाब अनेक खात्यांना एकदम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. बारा बटणांच्या माउसला कुणी हात लावला नाही. म्हणजे धागाकर्ता जी रेघ आखतोय तीच कंपन्यांनी आखलीये.

टंकलेखक
चीटिंग आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, बटण बदलायला ईमेल कशाला लागतो?

मी गेम खेळत नाही. दिवसभर हिशोबाचे तक्ते भरतो. कॉपी, पेस्ट आणि अन्डू अंगठ्यावर घेतले की डावा हात कागद उलटायला मोकळा राहतो. त्यासाठी माउस घेतला. सॉफ्टवेअर म्हणालं, आधी खातं उघडा. उघडलं. एके सकाळी लॉगिन होईना. मग कळलं, कंपनीचा सर्व्हरच बंद पडलाय. माझी सगळी बटणं मूळ जागी गेली होती. अर्धा तास मी पेस्ट समजून दाबतोय आणि रकान्यात ३ उमटतोय. वस्तू माझी, बटण माझं, अंगठा माझा, आणि परवानगी कुणाची तरी दुसऱ्याची!

लिनक्सवाला
@टंकलेखक, शंभर टक्के सहमत. आणि प्रश्न फक्त खात्याचा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रेझरच्या इन्स्टॉलरमधली त्रुटी उघड झाली होती. विंडोजला माउस जोडला की इन्स्टॉलर आपोआप सिस्टम अधिकारांवर सुरू व्हायचा आणि तिथून समोर बसलेल्या कुणालाही संगणकाचे पूर्ण अधिकार मिळवता यायचे. कंपनीने नंतर दुरुस्ती केली, पण विचार करा, हे सगळं एका माउससाठी!

आमच्याकडे लिनक्सवर माउस सेट करायला लिबरॅटबॅग हे सॉफ्टवेअर आणि त्याची खिडकी म्हणून पायपर आहे. ज्या माउसना तो सपोर्ट करतो त्यांची बटणं थेट माउसच्या मेमरीत लिहितो. खातं नाही, मागे चालत राहणारं काही नाही. टंकलेखक, तुमच्या माउसमध्ये ऑनबोर्ड मेमरी, म्हणजे सेटिंग साठवायची स्वतःची जागा, असेल तर एकदाच सेट करून प्रोफाइल (बटणांची मांडणी) त्यात लिहा आणि सॉफ्टवेअर काढून टाका.

रात्रीचा_हीलर
हा सल्ला अर्धवट आहे. मेमरीत साधी बटणं बसतात, पण गेम उघडला की एक प्रोफाइल आणि ब्राउझर उघडला की दुसरं, असं आपोआप बदलायला सॉफ्टवेअर चालूच लागतं. कोणती खिडकी उघडी आहे हे माउसला कसं कळणार?

लिनक्सवाला
प्रोफाइल बदलायला एक बटण ठेवा. हाताने बदला. एवढ्यासाठी चोवीस तास मागे काहीतरी चालू ठेवायचं?

रात्रीचा_हीलर
रेडच्या, म्हणजे टीमने मिळून बॉसशी लढायच्या, मधे मेसेज आला, उत्तर द्यायला खिडकी बदलली, परत आलो. तुमच्या पद्धतीने यात दोन जादा दाब आहेत, आणि त्यातला एक विसरलो की टँक, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा, मेला. तुम्ही रेड खेळता का? नसाल तर दुसऱ्याने काय चालू ठेवावं ते सांगू नका.

लिनक्सवाला
खेळत नाही. पण माझ्या संगणकावर काय चालतं ते मला माहीत असतं. तुम्हाला ते माहीत करून घ्यायचं नसेल तर ती तुमची निवड, त्याला गरज म्हणू नका.

उजवा_अंगठा
थांबा दोघेही. धागा चीटिंगच्या आरोपावर काढला होता, सॉफ्टवेअरवर नाही. टंकलेखकांचा राग रास्त आहे, माझाही आहे. पण ज्या माणसाने आरोप केला तो तिकडे शांत बसलाय आणि तुम्ही एकमेकांवर तुटून पडताय.

दोनच_बटणं
शांत बसलो नाही, वाचतोय. हीलरचा मुद्दा कळला. कर्सरने नावं निवडायची असतील तर अंगठा चालेल. नेमबाजीबद्दल माझं मत तेच आहे.

मनगट
तुम्हा सगळ्यांना एक विचारते. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या तर्जनीचा स्नायुबंध सुजला. डबल-क्लिक केलं की कोपरापर्यंत कळ जायची. काम थांबवणं शक्य नव्हतं. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, त्या बोटाचं काम कमी करा. मी अंगठ्याच्या एका बटणावर डबल-क्लिक ठेवलं, दुसऱ्यावर "धरून ठेव", म्हणजे एकदा दाबलं की डावं बटण दाबलेलं राहतं, पुन्हा दाबलं की सुटतं. खिडक्या ओढणं, मजकूर निवडणं, सगळं त्यावर. बोट बरं झालं, सेटिंग तसंच ठेवलंय.

पण धागाकर्त्यांच्या व्याख्येत मी बसत नाही. एक दाब, दोन क्लिक. तुमच्या हिशोबाने हा मॅक्रो. आणि दोनच_बटणं यांच्या हिशोबाने मी चीटर, आणि कीबोर्ड न जमणारीही. संध्याकाळी मी याच माउसवर गेमही खेळते. मग मी कुठल्या रांगेत उभी राहू?

दोनच_बटणं
@मनगट, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते.

मनगट
नावानिशी नव्हतं. पण "ज्यांना कीबोर्ड जमत नाही" असं लिहिलं की त्यात मी येतेच. एकाच हाताने खेळणारेही येतात. त्यांचा सगळा कीबोर्ड त्या बारा बटणांत असतो.

दोनच_बटणं
ते वाक्य चुकलं. मूळ पोस्टमधून आत्ताच काढलं. डबल-क्लिकला मी चीटिंग म्हणणार नाही. पण एका दाबात बंदुकीची पाच फैरींची लय सोडणारं बटण म्हणजे चीटिंगच, तिथे मागे हटणार नाही.

उजवा_अंगठा
त्यावर आपलं भांडण नव्हतंच. मनगटताईंनी मला मात्र पकडलं. "एक दाब, एक क्रिया" ही व्याख्या तोकडी आहे. मी आता असं म्हणेन: समोरच्याविरुद्ध खेळताना जी लय किंवा वेळ हाताने साधायची असते ती यंत्राने साधली तर चूक. फाइल उघडायला कुणाविरुद्ध खेळत नाही आपण. गेमच्या आत मात्र त्या-त्या गेमचा नियम पाळायचा, डबल-क्लिक असलं तरी.

आणि हो, नेमबाजीत अंगठ्याचा दाब नेम हलवतो हे खरं आहे. मीही तिथे बाजूच्या दोन बटणांवर फक्त नेम धरायच्या वेळी न लागणाऱ्या गोष्टी ठेवतो, नकाशा आणि बोलायचं बटण. हे आधीच लिहायला हवं होतं.

मनगट
गेममध्ये डबल-क्लिकचं बटण मी बंद ठेवते. धरून ठेवायचं मात्र लागतं. तेवढं सोडून तुमची दुरुस्ती मान्य.

टंकलेखक
लिनक्सवाल्यांचं ऐकून प्रोफाइल माउसच्या मेमरीत लिहिलं आणि सॉफ्टवेअर काढलं. कॉपी-पेस्ट चालतंय, संगणक बदलला तरी चालतंय. अडचण एकच, न वापरलेली बटणं चुकून दाबली की तक्त्यात अजूनही आकडे पडतात. काल एका बेरजेत ८ जास्तीचा घुसला, तो सापडायला तास गेला.

रात्रीचा_हीलर
त्या बटणांवर एफ१३ ते एफ२४ ठेवा. संगणक या की ओळखतो, पण बहुतेक कीबोर्डवर त्या नसतातच, त्यामुळे बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यांना काही काम नेमलेलं नसतं. दाबलं तरी रकान्यात काही उमटणार नाही. सेट करायला सॉफ्टवेअर एकदा परत टाकावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

टंकलेखक
म्हणजे पुन्हा लॉगिन. ठीक आहे, रविवारी करतो.