मदत हवी आहे: ६०० यार्डसाठी घरी स्टील टार्गेट बनवतोय

मंडळी, मी टेक्सासला असतो, मित्राच्या रँचवर ६.५ क्रीडमूर (लांब पल्ल्याचं रायफल काडतूस) रायफलने ६०० यार्डवर नेमबाजीची प्रॅक्टिस चालू आहे. आधी साधी माइल्ड स्टीलची प्लेट लावली होती, तिला खड्डे पडले आणि तसल्या खड्ड्यातून गोळीचे तुकडे उलटे येऊ शकतात म्हणून लगेच काढून टाकली. आता एआर५०० (खास कडक केलेलं स्टील) ची ३/८ इंची जाड, १२ इंच गोल प्लेट वॉटरजेटने (पाण्याच्या जोरदार झोताने) कापून घेतोय, गॅस कटिंगच्या उष्णतेने कडा मऊ पडतात ना. अडलंय ते टांगण्यावर. वेल्डिंग करायचं नाहीये, साखळीला गोळी लागली की तुटते, मग जुन्या फायर होजचा पट्टा चालेल का? आणि तुकडे खाली जावेत म्हणून प्लेट पुढे किती अंश झुकवता? कोणी स्वतः केलं असेल तर फोटोसकट सांगा प्लीज.