एसजीबी (सरकारी सुवर्णरोखे) 1 एप्रिलच्या आत विकू का राहू देऊ? शेअरचं पण सांगा

केळीपट्टा_रावेर
राम राम मंडळी. आमच्याकडे थोडे एसजीबी आहेत, अर्धे वडिलांच्या नावाने 2020 ला बँकेतून इश्यूमधे घेतलेले आणि अर्धे मी 2023 ला डिमॅटवर मार्केटमधून घेतले. बजेटनंतर कोणी म्हणतं टॅक्स लागणार कोणी म्हणतं नाही. वर इक्विटी फंडाची एसआयपी पण आहे, आणि सप्टेंबर 2024 ला निफ्टी 26,200 च्या वर होता तेव्हाचे दोन स्मॉलकॅप (छोट्या कंपन्यांचे) शेअर अजून लाल म्हणजे तोट्यातच आहेत. नवीन इन्कमटॅक्स कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागतोय तर त्याच्या आत सगळं विकून मोकळं व्हावं का?

धुळ्याचा_भाऊ
नवीन कायद्याला काय घाबरतो भो, दर तेच आहेत. असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं, कलमांचे नंबर बदलले, इतकंच. खरा दणका 23 जुलै 2024 लाच बसला, शेअरच्या नफ्यावर, वर्षाच्या आत विकलं तर 15 चे 20 टक्के आणि वर्षानंतर 10 चे साडेबारा. यंदा वाढला तो एफअँडओचा (फ्युचर-ऑप्शनचा) एसटीटी, म्हणजे व्यवहारावरचा कर, तू ऑप्शन खेळत नसशील तर सोडून दे.

सराफ_गल्ली
मी तर म्हणतो सगळं विक आणि जळगावला येऊन खरं सोनं घे, कागद कशाला 😄

धुळ्याचा_भाऊ
@सराफ_गल्ली हो ना, 3 टक्के जीएसटी आणि वर मजुरी कोण देणार, तुम्ही? आणि ते विकलं तरी दोन वर्षांनंतर साडेबारा टक्के लागतातच.

टॅलीवाली_भुसावळ
दादा, वडिलांचे आणि तुमचे वेगळे धरा. वडिलांचे इश्यूमधले आहेत ना, 2028 ला मुदत संपेपर्यंत ठेवले तर नफा माफच. फक्त पाच वर्षं झाली म्हणून मधेच रिझर्व्ह बँकेला परत करू नका, 1 एप्रिलनंतर त्याला माफी नाही. तुमचे मार्केटमधले, त्यांना आता मुदतीला पण साडेबारा टक्के लागणार, पण आज एक्स्चेंजवर विकले तरी तेवढेच लागतात मग घाई करून मिळणार काय? आणि सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला जी सूट आहे ती यांना नाही, ती फक्त शेअर आणि इक्विटी फंडाला.

ती सूट मात्र दरवर्षीची आहे, वापरली नाही तर गेली. एसआयपीचे जे हप्ते वर्षाच्या वर झालेत (प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजायचं) त्यातले सव्वा लाख नफ्याचे विकून परत घेऊन टाका. 31 मार्चला महावीर जयंती, बाजार बंद, 26 ला रामनवमी, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. लाल शेअर यात मिसळू नका, तोटा आधी वजा होतो आणि सूट नंतर लागते, म्हणजे सूट वाया. लाल शेअर एसजीबी विकाल त्या वर्षी काढा, तिथला टॅक्स कमी होईल.

अजून एक, केळीचं म्हणजे शेतीचं उत्पन्न माफ म्हणून हे पण माफ असं आमच्याकडे बरेच जण धरून चालतात. तसं नाही. 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात ती रिबेट पण या नफ्याला लागत नाही.

केळीपट्टा_रावेर
ताई धन्यवाद, वडिलांना आजच सांगतो हात लावू नका म्हणून. आईच्या नावाने पण फंड आहे आणि तिला दुसरं काही उत्पन्न नाही, तिचं कसं?

टॅलीवाली_भुसावळ
मग तर चांगलंच. नवीन रिजीममधे (टॅक्सच्या नवीन पद्धतीत) 4 लाखांची बेसिक मर्यादा तिची रिकामीच आहे, सव्वा लाखाच्या वरचा नफा त्यात बसतो. रिटर्न मात्र भरा.