मदत हवी आहे: कंटाळा आलेला असताना वरणभाताबरोबर पटकन तोंडी लावायला काय करता?

मंडळी, घरी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. बायकोची शिफ्ट दुपारची, तिला यायला साडेदहा होतात, आणि मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलला लोंबकळत कोपरखैरण्याला उतरतो तोवर आठ वाजून गेलेले असतात, त्यानंतर भाजी निवडा, चिरा, फोडणीला टाका आणि परत कढई घासा असलं काही करायची अंगात ताकदच नसते. पोळ्यांचा प्रश्न नाही, मावशी सकाळीच दोन्ही वेळच्या करून जातात. वरणभाताचाही नाही, कुकर लावला की तो त्याचं तो बघतो. घोडं अडतं ते तोंडी लावण्यापाशी. वरण-भात-तूप-लिंबू पहिल्या दिवशी स्वर्ग असतो हो, पण लागोपाठ खाल्लं की आजारपणाचं जेवण वाटायला लागतं. आणि ताटात डाव्या बाजूला चमचाभर काहीतरी झणझणीत किंवा आंबटगोड असलं की तेच वरण एकदम जेवण होतं. म्हणजे माझं म्हणणं असं की कंटाळ्याच्या दिवशी भाजीच्या मागे लागूच नये, सगळी अक्कल डाव्या बाजूला लावावी.

आता अडचणी सांगतो, नाहीतर सगळे कोशिंबिरीच सुचवणार.

बाबांना कवळी आहे. काकडी, मुळा, कच्चा कांदा, गाजर काही चावत नाही. किसून दिलं तर खातात पण तोंड असं करतात की आपल्यालाच अपराधी वाटावं. मुलगा आठवीत, त्याला तिखट आणि कुरकुरीत हवं, दही घातलेलं काहीही दिसलं की ‘मला नको’. मला स्वतःला सगळं चालतं, फक्त मिक्सर काढायचा नाही. वाटायला दोन मिनिटं लागतात हे मान्य, पण ते भांडं, झाकण, त्या पात्याखाली अडकलेली मिरची हे सगळं धुवायचं कोण? तर मिक्सर नको, जास्तीत जास्त एक कढलं किंवा तवा, आणि कुकरची वाफ जाईपर्यंत झालं पाहिजे.

सध्या काय करतो ते पण लिहितो. दाण्याची चटणी आणि लसणाची चटणी डब्यात असतेच. पापडाचा चुरा करतो, म्हणजे उडदाचे पापड गॅसवर भाजून कुस्करायचे, त्यात बारीक कांदा, कोथिंबीर, लाल तिखट आणि वरून कच्चं तेल, हा मुलाचा लाडका आहे, फक्त पानं वाढल्यावरच कालवायचा, आधी करून ठेवला की चामट होतो. बाबांना मेतकूट-दही. आणि टोमॅटो. टोमॅटो अर्धे करून चिरलेली बाजू खाली ठेवून तव्यावर चांगले काळे होईपर्यंत भाजायचे, सालं आपोआप सुटतात, मग चमच्याच्या पाठीने चेचून त्यात ठेचलेला लसूण, तिखट, मीठ, चिमूटभर साखर. ही मिक्सरमधल्या चटणीपेक्षा चांगली लागते असं माझं ठाम मत आहे.

एवढ्यावर किती दिवस काढणार? सुचवा काहीतरी. नॉनव्हेज चालतं, बाबा सोमवार-गुरुवार खात नाहीत. आणि कृपया ‘पिठलं करा’ असं कोणी लिहू नका, पिठलं हे तोंडी लावणं नाही, ते मुख्य जेवण आहे, शिवाय कढई घासायला लागतेच.

प्रतिसाद (भातखाऊ, ऐरोली)

लोणचं. धन्यवाद.

प्रतिसाद (नौपाड्याची काकू)

अरे, तू कुकर लावतोसच ना, मग कुकरलाच कामाला लाव की. डाळ, भात आणि तिसरा डबा रिकामा ठेवतोस का? त्यात लाल भोपळ्याच्या मोठाल्या फोडी टाक, पाव किलो पुरे, साल काढायची, पाणी अजिबात घालायचं नाही, वर झाकणी ठेव. वरणभाताबरोबर आपोआप शिजतो. मग डावाने चेचायचा, गार होऊ द्यायचा, वाटीभर दही, मीठ, किंचित साखर, दोन चमचे दाण्याचं कूट, आणि कढल्यात मोहरी, हिंग, हिरवी मिरचीची फोडणी. झालं भरीत. तुझ्या बाबांना दातच लागणार नाहीत. दही गरम भोपळ्यात घालू नकोस, पाणी सुटतं आणि मग ते ना भरीत ना कढी असं काहीतरी होतं. आमच्याकडे उपास असला की हेच तुपाजिऱ्याची फोडणी देऊन करतात, मोहरी-हिंग वगळून.

मुलासाठी त्याच फोडी दही घालायच्या आधी बाजूला काढ, त्यावर तिखट-मीठ आणि लिंबू. खाईल की नाही माहीत नाही, आठवीतली मुलं भोपळा म्हटल्यावर नाक मुरडतातच.

प्रतिसाद (मूळ लेखक)

काकू, तिसरा डबा खरंच रिकामा असतो, कधीतरी त्यात बटाटे टाकतो एवढंच. हे उद्याच करतो. बटाट्याचं पण असंच होईल का दह्यातलं?

प्रतिसाद (नौपाड्याची काकू)

होईल की. उकडलेला बटाटा, दही, कूट, मिरची, वर फोडणी. बिटाचंही होतं, पण बीट शिजायला वेळ लागतो, फोडी बारीक कर, आणि डब्याला झाकण नीट लाव नाहीतर भात गुलाबी.

प्रतिसाद (घणसोलीचा आगरी)

दादा, कोपरखैरण्यात राहता आणि सुकट विचारायला लागते? घरात सुका जवळा भरून ठेवा, बरणीत महिनोन्‌महिने राहतो, फक्त पावसाळ्याच्या आधी एकदा कडक ऊन दाखवा. बेलापूरला दिवाळे गावात जाऊन घ्या किंवा इथल्याच बाजारात ज्या बायका सुकी मासळी घेऊन बसतात त्यांच्याकडून, रंग फिका आणि कोरडा खडखडीत बघून. ओलसर लागला हाताला तर घेऊच नका.

करायचं असं. मूठ-दोन मूठ जवळा चाळून घ्यायचा, वाळू पडते खाली. कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायचा, घाई करायची नाही, करपला की कडू होतो. कुरकुरीत झाला की पाण्यातून एकदा पटकन काढून घट्ट पिळून घ्यायचा, राहिलेली रेती जाते. मग त्याच तव्यावर जरा सढळ तेल, भरपूर ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कांदा, कांदा लाल झाला की हळद, आमचा आगरी मसाला असेल तर तो नाहीतर घरचं लाल तिखट, दोन-तीन कोकमं आणि जवळा. दोन-चार मिनिटं परतायचं, मीठ शेवटी चाखून घालायचं. वरणभाताबरोबर नाही पण तांदळाच्या भाकरीबरोबर म्हणाल तर विचारूच नका. बरं, वरणभाताबरोबर पण चालतं, कोण बघायला येतंय.

एकच सांगतो, सोसायटीत राहत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि शेजारच्यांशी आधीपासून चांगले संबंध ठेवा.

प्रतिसाद (सीवूड्सवाली)

जवळा +१. सुके बोंबील पण, तुकडे करून थेट तव्यावर कडक भाजायचे आणि खलबत्त्यात लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचे. खलबत्ता धुवायला मिक्सरइतका त्रास नाही, पुसला तरी भागतं 😄 पण काका मंडळींना काटे बघून द्या.

मला मूळ प्रश्नाबद्दल वेगळंच म्हणायचंय. कंटाळा पदार्थाचा नसतो, फोडणीचा असतो. रोज तेल तापवा, मोहरी तडतडायची वाट बघा, ओट्यावर उडालेलं पुसा. मी रविवारी वाटीभर तेलाची फोडणी एकदम करते, मोहरी, जिरं, गॅस बंद करून हिंग-हळद, सुक्या मिरच्या आणि कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईपर्यंत. पूर्ण गार करून कोरड्या बाटलीत. आठवडाभर ती चमचा-चमचा कशावरही, दह्यावर, उकडलेल्या बटाट्यावर, कुस्करलेल्या पोळीवर, काकडीवर. लसूण मात्र त्यात घालून बाहेर ठेवू नका हां. तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही आणि तशात वाईट जंतू वाढू शकतात, वासावरून कळत पण नाही. लसणाची हवीच असेल तर थोडीशीच करून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

दाण्याचं कूट पण तसंच, एकदम करून फ्रीजरमध्ये. बाहेर ठेवलेलं पावसाळ्यात खवट होतं.

प्रतिसाद (मूळ लेखक)

फोडणीचं हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि खरं आहे, मी कित्येकदा कढलं काढायचं म्हणून कोशिंबीर रद्द केलेली आहे.

प्रतिसाद (मूळचा लातूरचा, आता वाशीत)

मुलासाठी घोळाणा करा. मेथीची कोवळी पानं किंवा कांद्याची पात बारीक चिरायची, दाण्याचं कूट जरा जाडसर, तिखट, मीठ, कच्चं तेल, हाताने कालवायचं. गॅस पेटवायचाच नाही. मेथी कडू म्हणेल तर पातीचा द्या. आमच्याकडे हा भाकरीसोबत, पण तुमच्या सकाळच्या गार पोळीत गुंडाळून दिला तर आठवीतला पोरगा दोन खातो, माझा सहावीतला खातो.

आणि तव्यावरचे काप राहिले की. वांग्याच्या गोल चकत्या, तिखट-मीठ-हळद चोळायची, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होतात. बाहेरून कुरकुरीत मुलाला, आतून मऊ बाबांना, एकाच तव्यात दोघं खूश. बटाट्याचे करायचे तर अगदी पातळ चिरा, नाहीतर आत कच्चे राहतात.

प्रतिसाद (डोंबिवलीतून डोकावलेली)

डांगर कोणीच कसं लिहिलं नाही?? उडदाची डाळ मंद गॅसवर गुलाबीसर भाजायची, त्याबरोबर थोडे धणे, जिरं, चार मिरे, आणि गिरणीतून दळून आणायचं. हे पीठ डब्यात असलं की मग आळसाला रान मोकळं. जेवायच्या वेळी दोन चमचे पीठ आंबट दह्यात किंवा ताकात गुठळ्या मोडून कालवा, मीठ, तिखट, वरून हिंगाची सणसणीत फोडणी (ती बाटलीतली चालेल). कांदा घालतात पण बाबांच्या वाटीत नका घालू. जरा सैलच कालवा, उडीद आहे, बसलं की घट्ट होतं, आणि भात संपेपर्यंत चमचा उभा राहायला लागतो.

प्रतिसाद (भातखाऊ, ऐरोली)

डांगरात साखर घालतात का?

प्रतिसाद (डोंबिवलीतून डोकावलेली)

नाही.

प्रतिसाद (नौपाड्याची काकू)

आम्ही चिमूटभर घालतो.

प्रतिसाद (डोंबिवलीतून डोकावलेली)

काकू तुम्ही सगळ्यातच घालता 😄

प्रतिसाद (मूळ लेखक)

मंडळी धन्यवाद. काल इथल्याच तीन टाकी भागातून भोपळा आणला, भरीत केलं. बाबांनी दोनदा मागून घेतलं आणि तुझ्या आईसारखं झालंय असं काही म्हणाले नाहीत, ‘मिरची कमी घाल’ म्हणाले, म्हणजे आवडलं. मुलाने हुंगून वाटी परत सरकवली, त्याला काप दिले. वांगं आहे हे सांगितलं नव्हतं, अर्धे खाल्ल्यावर विचारलं, तोवर उशीर झालेला.

फोडणीची बाटली रविवारी. जवळ्याचं बायकोला विचारलं, तिचं म्हणणं करा पण मी घरात नसताना, आणि मी कामावरून येईपर्यंत वास गेला पाहिजे. म्हणजे रोजच करता येईल, ती नसतेच संध्याकाळी, पण हे तिला बोललो नाही.

आता डांगर. गिरणीत पाव किलो डाळ घेऊन गेलं तर दळून देत नाहीत, कमीत कमी किलोभर लागतं म्हणतात, आणि शिवाय आधी गहू दळलेले असले की त्यात गहू येतात. तयार पीठ कुठे मिळतं का? नवी मुंबईत असेल तर उत्तम, नाहीतर ठाण्यात उतरून घेईन.

प्रतिसाद (नौपाड्याची काकू)

स्टेशनवरून चालत गोखले रोडला ये. इकडे घरगुती पिठं-मसाल्यांची मराठी दुकानं आहेत, भाजणी-मेतकूट ठेवतात त्यांच्याकडे विचार, बहुतेक असतं. नसलं तर उडदाचं साधं पीठ घे आणि घरी कढईत… नाही, कढई नको ना तुला, तव्यावर कोरडंच भाज खमंग वास येईपर्यंत, धणे-जिरे पूड वरून. उन्नीस-बीस लागतं. आणि भाजताना हात थांबवू नकोस, पीठ डाळीपेक्षा लवकर करपतं.